बिनमाशाचं ताट

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या वाइनिसावू गावचे प्रमुख, तुरांगा नेमानी. उसळत्या समुद्रातून बोटीनं इथवर पोचलेले आणि अजून जरा पिवळेच दिसणारे आपले अधीक्षक, रेव्हरंड जोसेवा. आजच्या निरोपाचे सत्कारमूर्ती, आपले पाळकसाहेब रेव्हरंड इलियासेरी आणि आपल्या लाडक्या पाळकीणबाई. वरच्या अंगाच्या चटयांवर बसलेले मंडळीचे वडीलधारे. पहाटेपासून भट्टीच्या धगीत उभ्या राहिलेल्या माझ्या भगिनीमंडळाच्या बायका. दाराशी दाटीवाटीनं बसलेल्या लेकी-सुना आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही म्हणून खिडकीत लोंबकळताय ते तुम्ही सगळे. प्रभूच्या नावानं सर्वांना माझा सलाम.

मंडळीच्या चिटणिसांनी मला सकाळीच बजावलंय, "ऊनाइसी, चार शब्द. चारच. बोट भरतीला सुटते, पाळकांचं सामान अजून किनाऱ्यावर पडलंय." भगिनीमंडळाच्या अध्यक्षिणीचे चार शब्द आजवर कधी चारावर थांबले आहेत का? चिटणीस मान हलवताहेत. त्यांचीच बायको आमची खजिनदार आहे, तेव्हा त्यांना अनुभव आहे.

पाळकसाहेबांविषयी चांगलं बोलायला मला कष्ट पडणार नाहीत. सात वर्षांपूर्वी ते आपल्याकडे आले तेव्हा वादळानं देवळाचं छप्पर उडालेलं होतं. आपण सगळे सरकारी पत्र्यांची वाट बघत बसलो होतो. हा माणूस तोंडात खिळे धरून शिडीवर चढला. दुसऱ्या दिवशी लाजेकाजेस्तव गावातले पुरुष चढले. मग आम्हा बायकांना त्यांनी उपासनेत उभं राहून शास्त्रवाचन करायला लावलं. त्याआधी आम्ही वेदीपर्यंत दोनच कामांना जात होतो, फुलं ठेवायला आणि झाडायला. पहिल्या दिवशी माझे पाय असे कापत होते की पुस्तक हलत होतं. ते शेजारून हळूच म्हणाले, "ऊनाइसी, आवाज मोठा ठेवा, मग पाय कुणी बघत नाही." आज मी इतक्या लोकांसमोर उभी आहे ती त्यांच्या त्या शिकवणीमुळे. थोड्या वेळानं त्यांना त्याचा पश्चात्ताप होईल, पण ते असो.

माझ्याआधी तीन वक्ते बोलून गेले. तिघांनीही एका गोष्टीचा तोंड भरून गौरव केला. पाळकसाहेबांनी सहा वर्षं माशाला स्पर्श केला नाही. चहूकडे समुद्र, घरोघरी जाळी, न्याहारीला मासा, जेवायला मासा, आणि या माणसाच्या ताटात उकडलेला तारोचा कंद नि डब्यातलं मांस. केवढा संयम! केवढा त्याग! टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, तुम्ही पाहिलंत. पण तिघांपैकी एकानंही सांगितलं नाही की हा त्याग का करावा लागला. का सांगितलं नाही ते मला ठाऊक आहे. आपल्यात जे गाडलं, ते उकरायचं नसतं. आणि मी आज तेच उकरायला उभी राहिले आहे, कारण माझी लेक लोसेना त्या दाराजवळ बसली आहे. तिचे दिवस भरत आलेत आणि ती जेवत नाही.

सेमेसा भाऊजी, तुम्ही खाकरू नका. मी थांबणार नाहीये.

नव्या पिढीतली मुलं शहरात वाढतात, म्हणून जरा मागून सांगते. आपल्या बेटांवर प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. कुणाचं झाड, कुणाचा पक्षी, कुणाचा मासा. मी दुसऱ्या बेटावरची, माझ्या माहेरचं देवक झाड आहे. माझे यजमान पेनियासी यांच्या घराण्याचं देवक मासा. कोणता मासा ते मी इथे सांगणार नाही, कारण बायका-पुरुष एकत्र बसलेत आणि त्या नावाचा दुसरा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. हसा, हसा. पुढे हसायला फारसं मिळणार नाही. तर तो मासा आमच्या घरात शिजत नाही. दुसरे खातात, खुशाल खावोत, पण शहाणे असतील तर आमच्यासमोर खात नाहीत, आणि कुणी खाल्लाच तर आम्ही मान वळवतो. मला स्वतःला त्या माशाची भीती कधीच नव्हती. पण ज्या घरात नांदले त्या घराची रीत म्हणून मी तो चुलीवर चढवला नाही.

पाळकसाहेबांना भीतीची चीड होती. ही त्यांची मला आवडणारी गोष्ट, आजही आवडते. जुन्या दफनभूमीतली झाडं कुणी तोडत नसे. त्यांनी तिथलं सरपण आणलं, त्यावर चहा उकळला, भगिनीमंडळाला पाजला आणि मला म्हणाले, "काय ऊनाइसी, भुतांचा चहा जरा कडकच होतो, नाही?" आम्ही पोट धरधरून हसलो. कुणाला काही झालं नाही. त्यांच्या प्रवचनांत एक वाक्य हमखास यायचं, "देव माणसाच्या ताटात डोकावत नाही, मनात डोकावतो." आमच्या यजमानांना ते वाक्य फार आवडायचं. ते त्या सुमारास नुकते विश्वासात आले होते. आधीची वर्षं कशी गेली ते तुम्हाला ठाऊक आहे; सकाळ-संध्याकाळ यांगोनाच्या मुळ्यांचं गुंगीचं पाणी पीत वाडग्याभोवती बसलेले असायचे. पाळकसाहेबांनी त्यांना उठवलं, गायकवृंदात घेतलं, माणसात आणलं. पाळक म्हणजे त्यांना बापापेक्षा मोठे. बाप हात धरून चालवतो, ह्यांनी तर बुडालेला वर काढला, असं ते म्हणायचे.

मग नव्या छपराच्या समर्पणाचं जेवण झालं. याच सभागृहात. पलीकडच्या गावच्या पाहुण्यांनी मासे आणले होते आणि त्यात तोही होता. नारळाच्या दुधात शिजवलेला. पाळकसाहेबांच्या ताटात वाढला गेला आणि ते आमच्या घराण्यातल्या पुरुषांच्या रांगेत बसले होते. पुरुषांनी रीतीप्रमाणे माना वळवल्या. पाळक नवे होते, पण अजाण नव्हते. त्यांना ठाऊक होतं.

"काय रे पेनियासी, मान का फिरवलीस? मासा चावतोय का?"

"आमचं देवक आहे, साहेब."

"तुझे देव किती?"

"एकच, साहेब."

"मग हा कोण? धाकटा देव?"

हशा पिकला. पाळकसाहेबांनी माशाचा तुकडा मोडला आणि पुढे केला. "घे. ज्याला ख्रिस्तानं मोकळं केलं, त्यानं माशाला भ्यायचं?"

मी तारो वाढत होते. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, नको." तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं (नाव घेत नाही, तो माणूस आज इथे बसला आहे आणि चटईची वीण मोजतो आहे), "आधी बायकोची परवानगी, मग ख्रिस्ताची!" असा हशा उठला की इथले पत्रे वाजले. आणि माझ्या नवऱ्यानं तो तुकडा तोंडात टाकला. चावलासुद्धा नाही. कडू काढा गिळावा तसा गिळला.

आता मी विचारते, पाळकसाहेबांचं चुकलं का? अधीक्षकसाहेब, तुम्ही विद्वान आहात, तुम्हाला विचारते. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर तिळभरही चुकलं नाही. मासा तो मासा. त्यानं कुणी देवाजवळ जात नाही, कुणी दूर जात नाही. ते बरोबर होते. माझं सगळं दुःख इथेच तर आहे की ते बरोबर होते. चुकले असते तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण खाणाऱ्याला ते बरोबर वाटत नव्हतं हो. त्याला आतून वाटत होतं की मी पाप करतोय, आणि तरी त्यानं खाल्लं. कशासाठी? देवासाठी नाही. तुम्ही हसत होतात म्हणून. पाळकांच्या हातात मोकळीक होती, ती ह्यांच्या तोंडात गेल्यावर दगड झाली.

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. जुनी माणसं म्हणतात, देवक खाणाऱ्याचे दात पडतात. माझे यजमान चाळिशी उलटली तरी ऊस दातांनी सोलायचे. काही आठवड्यांनी त्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. बोलता बोलता जीभ तिथे जायची. आरसा घेऊन दारात उजेडाला बसायचे. शेवटी पाळकांकडे गेले. मी बरोबर होते.

"साहेब, दात हलतोय."

"चहात चार चमचे साखर घालतोस, मग काय होणार? माझ्याही दाढा नाचतील. दवाखान्याची बोट येईल तेव्हा दाखव."

"साहेब, पण तो मासा..."

"पेनियासी, पुरे आता. तू मुलगा आहेस की पुरुष?"

दात साखरेनंच हलत होता. इथेही पाळक बरोबर. पण दवाखान्याची बोट यायच्या आत, एका रविवारी, गायकवृंदात उभं राहून वरचा सूर लावताना दात सुटला आणि यजमानांच्या हातात आला. शेजारचे दोघे हसले. कोण हसणार नाही? एरवी मीही हसले असते. त्यानंतर ते गायले नाहीत. ओठ घट्ट मिटून घेण्याची त्यांनी सवयच लावून घेतली, माझ्याशी बोलतानाही तोंडावर हात.

पुढच्याच आठवड्यात वारा सुटला. रेडिओ सांगत होता, लहान होड्यांनी बाहेर जाऊ नये. मला म्हणाले, "भावाकडे जाळं पडलंय, ते घेऊन येतो." मी म्हटलं, "अहो, एवढ्या वाऱ्यात जाळं कशाला?" म्हणाले, "आलोच." ते भावाकडे गेले नाहीत. प्रवाळाच्या भिंतीत जी खिंड आहे, जिथे ते मासे जमतात, तिथे दुपारी त्यांची होडी उलटी सापडली. आणि बसायच्या फळीखाली, तिढा मारून बांधलेली, यांगोनाच्या मुळ्यांची जुडी. मंडळी, मासे धरायला जाताना कुणी यांगोनाची जुडी नेतं का? जुडी कशाला नेतात ते इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. माफी मागायला नेतात.

दुसऱ्या दिवशी ते पलीकडच्या गावच्या वाळूवर सापडले. ओठ मिटलेले होते. आंघोळ घालताना मी ते उघडून पाहिले नाहीत. त्यांना आवडलं नसतं.

मग बुलुबुलू झालं. बुलुबुलू म्हणजे गाडणं. चुकलेला माणूस देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून येतो, गुडघ्यांवर बसतो, आपली चूक मोठ्यानं बोलतो, आणि समोरच्यानं तो दात स्वीकारला की चूक जमिनीत गेली. तिचं नाव पुन्हा काढायचं नाही. पाळकसाहेब आले. असा रडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तुरांगा, तुम्ही होतात, तुम्हीही पाहिलंत. माझे थोरले दीर सेमेसा यांनी दात स्वीकारला. भाऊजी, तुमच्यावर माझा राग नाही, रीतीनं पुरुषच स्वीकारतात. मी मागच्या खोलीत सगळ्यांसाठी चहा करत होते. मला कुणी विचारलं नाही की, ऊनाइसी, तुझ्याकडून गाडलं का? कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, देव जाणे. पण विचारलं नाही. म्हणून आज माझ्यावर रीत मोडल्याचा आरोप करायचा तर एवढं लक्षात घ्यावं की दात भाऊजींच्या हातात गेला, माझ्या नाही.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी मासा सोडला. "माझ्या एका घासापायी भाऊ गेला, मी जन्मात मासा खाणार नाही," असं त्यांनी वेदीसमोर सांगितलं. माणसं हेलावली. बायका रडल्या. मी काय केलं सांगू? खरं सांगते, मनात म्हटलं, मेल्यावर उपास करून काय उपयोग, जेवताना जरा आवरलं असतं तर? निष्ठुर वाटेल ऐकायला, पण वाटलं ते वाटलं. पाळकीणबाईंकडे पाहिलं की मात्र वाईट वाटायचं. बेटावर राहून रोज बिनमाशाचं काय रांधायचं? चार घरची अंडी गोळा करत त्यांनी दिवस काढले आणि कधी कुरकुर केली नाही.

आणि मग ते घरोघरी जेवायला जाऊ लागले. पाळक म्हटल्यावर बोलावणं आलंच. प्रत्येक घरी माशाचं भांडं समोर यायचं, प्रत्येक घरी ते हळूच बाजूला सारायचे, आणि प्रत्येक घरी एक क्षण सगळे गप्प व्हायचे. त्या एका क्षणात माझे यजमान पुन्हा बुडायचे. मोठ्यांना वाटायचं, केवढा हा पश्चात्ताप. पोरांना काय वाटत होतं ते कुणी विचारलं? माझी लोसेना तेव्हा सोळा वर्षांची होती. पाळकांना वाढायचं काम नेहमी तिच्याकडे असायचं, कारण बिनबापाची पोर म्हणून त्यांचा तिच्यावर जीव होता. सहा वर्षं तिनं ते भांडं बाजूला सरताना सगळ्यात जवळून पाहिलं.

लोसेना, मान खाली घालू नकोस. मी तुझी बदनामी करत नाहीये.

आधी तिनं तो मासा सोडला होताच, तो घराण्याचाच. मग बाकीचे मासे सोडले. मग खेकडे, शिंपल्या, समुद्रातली भाजी. लग्न झालं, जावई चांगला आहे, पहाटे जाळं टाकून येतो, आणि आणलेलं शेजाऱ्यांना वाटून टाकतो, कारण घरात शिजत नाही. दिवस राहिले तशी ती ज्या भांड्यात कधी मासा शिजला असेल त्या भांड्यातलंही खाईना. माझ्या घरचं तर पाणीसुद्धा पीत नाही. उकडलेला कसाव्याचा कंद आणि कोरा चहा. मागच्या आठवड्यात नळावर चक्कर येऊन पडली. नर्सबाई लिटिया इथे बसल्या आहेत, त्या माझ्याशी जे बोलल्या ते सांगते. "हिच्या अंगात रक्त नाही. गोळ्या देते त्या ही परसात टाकते, मी पाहिल्यात. बाळंतपणात काही वाकडं झालं तर मी एकटी पुरी पडणार नाही, आणि बोट वेळेवर येईलच असं नाही."

मी पोरीला घेऊन बसले. म्हटलं, "अगं, खा गं जरा. साधा बोईट आहे, आपलं देवक नव्हे."

"नको."

"का पण?"

"पाळकसाहेब खातात का?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं? ते एवढे शिकलेले. ते म्हणाले होते, काही होत नाही. मग बाबा गेले. मग त्यांनी स्वतःच सोडला, तोच नाही, सगळेच. म्हणजे त्यांना कळलं ना, काहीतरी होतं ते? आई, तेसुद्धा भितात. मग मी कोण? आणि मी खाल्लं नि बाळाला काही झालं तर?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं? तुम्हाला येतं का? इतकी वर्षं आपण म्हणतोय, पाळकांनी विश्वासात अशक्त असलेल्या भावासाठी आपली मोकळीक सोडली. भाऊ तर केव्हाच मातीत गेला. पोर जिवंत आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष होतं?

मी चार दिवसांपूर्वी पाळकसाहेबांकडे गेले. खोकी भरणं चाललं होतं. म्हटलं, "साहेब, मासा खा."

ते म्हणाले, "ऊनाइसी, मी वेदीसमोर बोललोय. एका भावाला अडखळण झालो, पुन्हा कुणाला होणार नाही."

"आत्ता होताय. माझ्या पोरीला."

मग मी सगळं सांगितलं. हातातली दोरी तशीच धरून ते खोक्यावर बसले. मग म्हणाले, "उतरत नाही हो घशाखाली. पहिल्याच वर्षी हिनं न सांगता रश्शात घातला होता. वास आला तसा मी बाहेर पळालो. दिवसभर ओकत होतो. मला वाटलं, आता दात पडणार." पाळकीणबाई मान हलवताहेत, त्या साक्षीला आहेत. "कुणाला सांगू नका," असंही ते म्हणाले होते. ते मी आज मोडलं. साहेब, मला ते मोडावंच लागलं.

कारण त्या दिवशी मला कळलं की पोरीचं बरोबर होतं. हा संयम नव्हता. ही भीतीच होती, माझ्या यजमानांची. ते ती भीती घेऊन खिंडीत गेले, पण भीती त्यांच्याबरोबर बुडाली नाही. ज्या माणसाला भुतांच्या सरपणावर चहा करताना हसू आलं होतं, त्याच्या घरी ती सहा वर्षं राहिली, आणि आपण तिला त्याग म्हणून हार घातले. पाळकसाहेब, त्या दिवशी मला तुमची पहिल्यांदा दया आली. त्याआधी आली नव्हती. आणि क्षमेचं म्हणाल, तर ती पूर्ण झाली आहे असं खोटं मी या छपराखाली बोलणार नाही. ते माझं नि प्रभूचं चाललेलं आहे. तुम्ही दुसऱ्या बेटावर गेलात तरी ते चालूच राहील.

तर आज मी एक भांडं रांधून आणलंय. बोईटच आहे, जावयानं सकाळी धरलेला, नारळाच्या दुधात, लिंबू पिळून. घराण्याचा मासा नाही. तो मी तुमच्यासमोर कधीच ठेवणार नाही, भीतीपोटी नव्हे, मोठ्या दिरांचा मान म्हणून. साधा मासा आहे. नीरफणसाच्या पानाखाली, तुमच्या जागेवर झाकून ठेवलाय.

मला ठाऊक आहे, वरच्या चटईवर काही जणांच्या मनात काय चाललंय. त्या दिवशी पाळकांनी भर सभेत पेनियासीपुढे घास धरला, आज त्याची विधवा भर सभेत पाळकांपुढे ताट धरते आहे. सूड उगवते आहे. असेल. थोडा सूड त्यात असेलही, बाईमाणसाच्या हातच्या रश्शात सगळंच थोडं थोडं असतं. पण फरक एक आहे, तो शेवटी सांगते.

बोट भरतीला सुटते, चिटणीस घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघताहेत, म्हणजे वेळ फारच झाली. अध्यक्षमहाशयांनी मला मधेच खाली बसवलं नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. अधीक्षकसाहेबांनी एवढी खडतर वाट करून आमच्या आनंदाच्या म्हणून ठरवलेल्या कार्यक्रमाला येऊन हे ऐकलं, त्यांचेही आभार. पाळकीणबाई, तुमच्या चटया आणि कापड भगिनीमंडळानं बांधून होडीत ठेवलंय. आमच्या हातचं सगळं तुमच्याबरोबर आहे. पाळकसाहेब, छप्पर दिलंत, आवाज दिलात, माझ्या यजमानांना एक वर्ष का होईना माणसात बसवलंत, ते मी विसरलेले नाही. जे गाडलं होतं ते मी उकरलं, रीत मोडली, दिलेला शब्द मोडला, सत्काराच्या दिवशी नको ते बोलले. त्याचा दंड म्हणून आमच्या घराण्यानं देवमाशाचा दात आणावा असं तुरांगांना वाटलं तर आम्ही आणू. या वेळी तो मी माझ्या हातांनी आणीन.

आता तो फरक. पाळकसाहेब ते पान उचलतील, किंवा उचलणार नाहीत. एक घास घेतील, किंवा घेणार नाहीत. घेतला आणि घशात अडकला, तर बाहेर जाऊन टाकतील. त्यांची मर्जी, ते मोकळे आहेत, आणि मी त्यांना काहीही म्हणणार नाही. फक्त एक विनंती या सभागृहातल्या प्रत्येकाला आहे, विशेषतः चटईची वीण मोजणाऱ्याला. काही झालं तरी कुणी हसायचं नाही.

आणि दाराकडच्या मंडळींनी जरा बाजूला सरकावं. लोसेनाला तिथून ताट दिसत नाहीये.